मुलगी म्हणते

"लिही," काका म्हणाले, "माझ्या शेजारी आत्ता त्यांच्यातलीच एक मुलगी बसली आहे. गुणी आहे, कष्टाळू आहे. आणि माझं म्हणणं तिलाही पटतं."

मी लिहिलं.

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. त्यांच्यातलीच एक. गुणी. कष्टाळू. तिलाही पटतं. दुपारचे तीन वाजले होते. शेजारच्या कॉम्प्युटरवर कॉलेजची दोन पोरं पत्त्यांचा खेळ खेळत होती. आणि मी माझ्याच तोंडाने सांगत होते की मला पटतं. पटतं की नाही, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. काका डोळे मिटून ऐकत होते. "हं," म्हणाले. मी बटण दाबलं आणि माझं पटणं अमेरिकेला गेलं.

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर. मीरा रोडला पूनम सागरमध्ये तळमजल्यावर एक सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन, आणि कोपऱ्यात टायपिंगला मी. मालक इथलाच, आगरी. ती बिल्डिंग उभी होती तिथे त्याच्या आजोबांची भातशेती होती. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात गाळे दिले, त्यातल्या एकात त्याने हा कॅफे काढला. आम्ही भाईंदर पूर्वेला राहायचो, जेसल पार्कच्या मागे, खाडीकडच्या चाळीत. आई जालन्याकडची. वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश करायचे. त्या धुळीने त्यांची छाती भरली होती, महिन्यातले दहा दिवस घरीच असायचे. नेमाने येणारा पगार माझा एकटीचा. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही विचाराल, पहिल्याच दिवशी उठून का नाही गेलीस? बोलायला काय जातंय.

काका म्हणजे नात्यातले नव्हेत. सगळा कॅफेच त्यांना काका म्हणायचा. बँकेतून रिटायर झालेले, गिरगावातली जागा विकून इथे दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलेले. मुलगा अमेरिकेत. त्याने बापाला वेळ घालवायला एक जागा दाखवून दिली होती. इंटरनेटवरचं चर्चेचं पान. जगभरातली मराठी माणसं तिथे इतिहास, धर्म, तत्त्वज्ञान यांवर वाद घालायची. देवनागरी टाईप करायची सोय नव्हती, म्हणून मराठी सगळी इंग्रजी अक्षरांत. कुणी ऑफिसात जेवता जेवता लिहायचं, कुणी बाळ झोपलं की. बौद्ध धर्म भारतातून का गेला? जात म्हणजे नुसती कामाची वाटणी का? दोन हजार वर्षांचा निकाल चार ओळींत लावायचा आणि शेवटी कंस-टिंब देऊन हसरा चेहरा काढायचा. त्यांचा विरंगुळा. आमचा जन्म.

काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. स्क्रीनकडे बघितलं की पाणी यायचं, टायपिंगही येत नव्हतं. म्हणून मी. कामाची रीत ठरलेली होती. रात्रीत तिकडून आलेली उत्तरं मी आधी वाचून दाखवायची. मग ते सांगणार, मी टाईप करणार. मग ते पुन्हा मोठ्याने वाचायचं. त्यांनी "हं" म्हटलं की पाठवायचं. "हं" आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. टायपिंगच्या क्लासात बाईंनी शिकवलंच होतं, मजकूर डोळ्यांतून बोटांत जायला हवा, मधे डोकं आणायचं नाही. दोन परीक्षा पास झाले होते मी त्या विद्येवर.

माझं त्यांना कसं कळलं? सहा डिसेंबरची मी सुट्टी मागितली, मालकाने काकांना सांगितलं, उद्या ती दादरला जाणार. काका माझ्याकडे वळले. "असं होय! वाटत नाही हो तुझ्याकडे बघून." कौतुकानेच म्हणाले. आणि मी हसले. ते हसू मला अजून सलतं.

सुट्टीवरून परत आले त्याच आठवड्यात ते वाक्य आलं. तिलाही पटतं. दुसऱ्या दिवशी उत्तरांत ह्यूस्टनच्या एका डॉक्टरने लिहिलं होतं, "मुलीला आमचा नमस्कार. अशा मुली पुढे यायला हव्यात." काका खूश. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसं त्यांचं झालं. पुढचे दोन महिने मुलगी रोज बोलायला लागली. मुलगी म्हणते, जुनं उगाळून काय मिळणार? मुलगी म्हणते, सवलती नकोत, संधी द्या. मुलगी म्हणते, धर्म बदलून माणूस थोडाच बदलतो. काका सांगायचे, मी टाईप करायची, वाचून दाखवायची, "हं". मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी बोलकी होती. हजरजबाबी होती. तिकडे तिची वाट बघायचे लोक. "आज मुलगी काय म्हणते?"

आज मुलगी दमली होती. पण ते कोण टाईप करणार?

कामाने नाही हो दमले. शंभर पानांचे प्रोजेक्ट टाईप केलेली बाई मी, चार ओळींनी काय होतंय? पण घरी गेले की बोलावंसंच वाटेना. रविवारी विहारात वंदनेला बसले की समोरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे मान वर करून बघवेना. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात म्हणतात, इथे तर मी शत्रूच्या लष्कराच्या भाजत होते. आणि काका वाईट वागत नव्हते, हे आणखी कठीण. संक्रांतीला तिळगूळ आणला. "बाळ, दमलीस का? पाणी पी," म्हणायचे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर असतं.

एकदा सिंगापूरच्या कुणा बाईने लिहिलं, "काका, मुलीला स्वतःलाच लिहू द्या ना." ते मी वाचून दाखवलं. मी थांबले. वाटलं, आता माझ्याकडे वळतील. विचारतील. मी काय बोलेन ते मलाही माहीत नव्हतं.

"लिही," काका म्हणाले, "मुलगी लाजते."

मी लाजते, असं मी लिहिलं. वाचून दाखवलं. हं.

मग भाकरीचा दिवस आला. ह्यूस्टनच्या डॉक्टरला गावाची आठवण आली होती. पूर्वी गावात सगळे एका कुटुंबासारखे राहायचे, भेदभाव शहरांनी आणि पुढाऱ्यांनी वाढवला, असं त्याचं म्हणणं. काकांना ते फार आवडलं. म्हणाले, "लिही. मुलगी म्हणते, तिच्या आजीला सणाला पाटलांच्या घरी बोलावून मानाने भाकरी दिली जायची. तो आपलेपणा ते लोक अजून विसरलेले नाहीत."

माझी बोटं थांबली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"काका, माझ्या आजीचं तुम्हाला काय माहीत?"

"अगं, तुझी म्हणजे अगदी तुझीच असं नाही. साधारण. लिही तू."

साधारण. माझी आजी साधारण झाली. मी लिहिलं. वाचून दाखवलं. "हं." गेली आजी अमेरिकेला.

संध्याकाळी आई स्टोव्हपाशी भाकऱ्या थापत होती. मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला शिव्या देईल. तिने त्याचं नावच काढलं नाही.

"हे तूच लिवलंस?"

"हो."

"तुझ्या हातानं?"

"टाईप केलं गं. ते सांगतात, मी..."

"मी जायची की तुझ्या आजीसंगं," आई म्हणाली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. दारात न्हाई, उकिरड्याच्या कडंला हुभं ऱ्हायाचं. पाटलाची बाई वरून टाकायची. तिचा हात पदराला लागू नये म्हून. पदर हुकला की भाकर मातीत. मी बारकी व्हते, खाली पडलेली मीच उचलायची. माती झटकून." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "शिळीच असायची. मान म्हनं."

भाकरी माझ्या ताटात ठेवता ठेवता म्हणाली, "तुला शिकवलं कशापायी गं आमी?"

मला जेवण गेलं नाही. आईने सांगितलेलं मला तोवर माहीत नव्हतं. ती लाजेखातर बोलली नव्हती आणि मी विचारलं नव्हतं. म्हणजे मीही विचारलं नव्हतंच की. काकांना एकट्यांना काय बोलू?

सकाळी कामाला जाताना रिक्षात एक विचार आला. काकांना स्क्रीन दिसत नाही. मी माझं लिहीन आणि त्यांचं वाचून दाखवीन. ते "हं" म्हणतील. कुणाला पत्ता लागणार नाही, नोकरीही राहील. किती सोपं होतं. पण खरं आणि तेही चोरून बोलायचं? मी कुणाचं काय चोरलंय?

तीन वाजता काका आले. मी उत्तरं वाचली. डॉक्टरने लिहिलं होतं, "मुलीच्या आजीला नमस्कार. डोळे भरून आले." काकांनी समाधानाने मान हलवली. "लिही. मुलगी म्हणते..."

मी आधीच लिहीत होते.

"अगं, मी अजून काही सांगितलंच नाही."

मी लिहीत होते. पत्ते खेळणारी पोरं वळून बघायला लागली, इतक्या जोरात बटणं वाजत होती. काका गोंधळले. स्क्रीनकडे वाकले, डोळ्यांना पाणी आलं, मागे झाले. शेवटी सवयीनेच म्हणाले, "वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. हळू नाही. सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असं.

"मुलगी म्हणते, काल इथे भाकरीबद्दल आलं ते खोटं आहे. ते काकांनी सांगितलं आणि मी टाईप केलं. टाईप केलं ही चूक माझी. भाकरी मानाची नव्हती. शिळी होती. उकिरड्याच्या कडेला उभं करून वरून टाकायचे. मातीत पडलेली उचलणारी लहान पोर म्हणजे माझी आई. ती अजून जिवंत आहे. आजवर मुलगी म्हणते म्हणून इथे जे जे आलं, त्यातलं एकही वाक्य मुलगी म्हणालेली नाही. तिला एकदाही कुणी विचारलेलं नाही. मला पटत नाही. कधीच पटलं नव्हतं." आणि खाली माझं नाव. वडिलांचं नाव. आडनाव. पूर्ण.

"हे मी सांगितलं नव्हतं," काका म्हणाले.

"नाही काका. हे मुलगी म्हणते."

त्यांचा चेहरा उतरला. राग नव्हता तो आधी. घरातल्या खुर्चीने अचानक तोंड उघडावं तसं बघत होते. मग राग आला. "पुसून टाक. नाव माझं आहे तिथे. मी तुला मुलीसारखं वागवलं."

मी "हं"ची वाट बघितली नाही. बटण दाबलं.

मालक काउंटरवरून उठून आला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "म्हाताऱ्याला सॉरी बोल न् मिटव. रोजचा गिऱ्हाईक हाय. तुझं काय जातंय?"

"माझंच जातंय भाऊ."

"न्हाय बोलणार?"

"नाही."

त्याने खाली बघून सांगितलं, मग उद्या येऊ नको. मी डबा उचलला. काका अजून त्याच खुर्चीत बसले होते, डोळे पुसत. स्क्रीनचं पाणी असेल, दुसरं काही असेल. मी थांबून बघितलं नाही. दोन महिने त्यांची काळजी मीच केली होती, पुरे झालं.

चार दिवसांनी भाईंदर स्टेशनजवळच्या दुसऱ्या कॅफेत जाऊन मी ते पान उघडलं. तुम्हाला वाटेल, तिकडे कुणाला लाज वाटली असेल. ह्यूस्टनच्या डॉक्टरने लिहिलं होतं, "काका, भाषा दमदार, पण मुलीच्या तोंडी शोभत नाही. तुमचीच शैली ओळखू येते." दुसरा म्हणत होता, नाव बनावट असणार. तिसऱ्याने विचारलं होतं, मुळात मुलगी होती का? तिथून वाद पेटला होता. मी आहे की नाही, यावर बारा उत्तरं होती. तत्त्वज्ञानाचे दाखले होते. हसरे चेहरे होते. सिंगापूरच्या बाईने काहीच लिहिलं नव्हतं.

हसावं की रडावं कळेना. गुणी, कष्टाळू, सगळं पटणारी मुलगी त्यांना लगेच खरी वाटली होती. पटत नाही म्हटल्याबरोबर ती नाहीशीच झाली. मी तिथे बसले होते, हात कीबोर्डवर होते, घरी वडील खोकत होते आणि मला नोकरी नव्हती.

मी तेरावं उत्तर लिहिलं. मी आहे. वाद घालायचा तर माझ्याशी घाला, माझ्या वतीने नाही. खाली पुन्हा पूर्ण नाव.

महिनाभराने एका वकिलाकडे टायपिंगचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं, "काय वाट्टेल ते टाईप करीन साहेब. फक्त माझ्या तोंडी वाक्य घालायचं नाही." तो हसला, बहुतेक काही समजला नाही. हसू दे.

आजही कुठे चार माणसं बसून आमच्याबद्दल बोलायला लागली की माझं अंग दुखायला लागतं. तेच प्रश्न, तीच वाटणी, तोच आपलेपणा. कंटाळा येतो. वाटतं, सोडून द्यावं. पण कुणी म्हणालं की त्यांनाही हे पटतं, तर मी तिथे उठून उभी राहते. मग लग्नघर असो, ऑफिस असो. मला पटतं की नाही ते मी सांगेन. आणि "हं" म्हणायचं की नाही, तेही मीच ठरवीन.