दादाची पाणथरी

माझी वहिनी प्रयोगशाळेत पेशी वाढवायची. मूल नाही म्हणून नातेवाईक नाकं मुरडत. ती म्हणायची, "लाखो लेकरं आहेत मला, आणि एकही उलटून बोलत नाही."

दादा रंगारी. परांचीवरून पडला आणि पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली. जीव वाचवायला डॉक्टरांनी ती काढली. जंतूंशी लढणाऱ्या पेशींचं ते आगारच, म्हणून दादाने सही करून ती वहिनीच्या प्रयोगशाळेला देऊन टाकली. "मी घरी बसून, आणि पाणथरी कामाला लागली!" म्हणायचा.

शरीर जंतूला ओळखतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. तेच बशीतल्या पेशींकडून करून घ्यायचं, हा तिथला खटाटोप. पेशी गुलाबी पाण्यात उबेला ठेवायच्या, मेलेल्या जंतूचे तुकडे सोडायचे आणि वाट बघायची. जमलं की म्हणायचं, "ओळखलं." वहिनीने न्यूमोनियाचाच जंतू घ्यायला लावला. पाणथरी नसलेल्या माणसाला त्याचंच भय जास्त. दादाला लस टोचली होती, पण त्या जंतूच्या सगळ्याच जाती काही लशीत नसतात. तिचा जीव टांगणीला लागलेला.

पेशी मात्र ढिम्म. "तुमची पाणथरी तुमच्यासारखीच," वहिनी करवादायची. "शंभरदा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही."

मग एका सकाळी दादाला ताप भरला. दुपारी तो इस्पितळात बरळत होता. तोच जंतू रक्तात पसरला होता. औषधं चालू होती, पण डॉक्टर आमच्या नजरेला नजर देईनात.

तेवढ्यात वहिनीला तिच्या साहेबांचा फोन आला. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. "अगं, ओळखलं! तुझ्या पेशींनी ओळखलं!"

"सर, त्यातलं यांना देता येईल?"

तिने सगळं सांगितल्यावर साहेब म्हणाले, "थेंबभर आहे गं. माणसाला कसं पुरणार?"

तिला ठाऊक नव्हतं थोडंच? बुडत्याला काडीचा आधार. मला त्या फोनचा, त्या बशीचा, सगळ्याचाच संताप आला. माझा भाऊ मरत होता आणि तिकडे आनंद चालला होता.

वहिनी दादाच्या कानाशी वाकली. "अहो, ऐकलंत? तुमच्या पेशींनी ओळखलं."

दादाने डोळे उघडले. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाला, "बाई, जरा माझ्या बायकोला बोलावता का?"

"बोलावते हं," वहिनी म्हणाली. "येईलच ती."

तिने त्याचा हात घट्ट धरून ठेवला. दादा संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होता. मग गेला.