सगुणा तिऱ्हाईत

सगुणा फूल कधी हुंगत नाही. माझ्या दारात टोपली उतरवताना जास्वंद, तगर, दूर्वा, सोमवारचा बेल, सगळं ओल्या केळीच्या पानात गुंडाळलेलं असतं आणि ती तोंड जरा बाजूला करूनच ते सोडते. "देवाच्या आधी आपण कशाला वास घ्यावा, वैनी," हे तिचं म्हणणं. रत्नागिरीच्या बाजारात फुलवाल्या पुष्कळ आहेत. पण नाकाशी धरून "ताजा आहे बघा" म्हणणाऱ्या बायकांचं फूल मला देवाला घालवत नाही. म्हणून मालगुंडच्या वरच्या अंगाच्या वाडीतून पहिल्या एस. टी.नं उतरणारी सगुणा येईपर्यंत माझी पूजा थांबलेली असते.

तिचा नवरा शिवा मुंबईला गिरणीत होता. संप झाला, गिरणी पुन्हा काही उघडली नाही, तेव्हा तो गावी आला. त्याच्या घरी भावांची दाटी. सगुणा एकुलती, आईबाप गेलेले, तिच्या माहेरचं घर रिकामंच होतं, म्हणून दोघं तिथे राहिली. घरजावई म्हणून लोकांनी शिवाला खूप चिडवलं. तो मान खाली घालून घरामागे फुलझाडं लावत राहिला. पाणी खालच्या विहिरीचं. विहीर सामाईक, पण तिकडे जाणारी वाट सगुणाच्या चुलतभावाच्या, गंगारामाच्या जमिनीतून.

त्या वर्षी शिमगा झाला आणि गंगारामानं वाटेवर चिरे आणून टाकले. पावसाच्या आधी गडगा घालून वाट बंद करणार म्हणाला.

"बहिणीच्या नवऱ्याला माझ्या जागेतून पाणी न्यायचा हक नाय. असल तर कागद दाखव."

कागद होता. सगुणा लहान असताना, बाप गेल्यावर, तिच्या आईनं, सोनूबाईनं, याच वाटेसाठी गंगारामाच्या बापाशी दिवाणी दावा लढवला होता आणि जिंकलाही होता. पण निकालाचा कागद पेटाऱ्यात होता आणि पेटारा वाळवीनं पोखरलेला. हातात आला तो भुगा.

"कोर्टात दुसरा असल ना वैनी? तुमी रोज वहीत लिवता. मला येक अर्ज लिवून द्या."

मी दिला लिहून. दुसऱ्या दिवशी ती तोच अर्ज घेऊन परत आली. कोपऱ्यावर चहाचा गोल डाग. "असा नाय चालत, बोलला." कसा चालतो ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मग पूजा आटोपून मीच तिच्याबरोबर निघाले. आमचे हे म्हणाले, शहाण्यानं त्या पायरीवर चढू नये. मी म्हटलं, पाणी बंद होतंय ते काय शहाणं-वेडं बघून?

ते कोर्ट कुठलं ते इथे लिहीत नाही, वहीचं पान विटाळेल. जिन्याच्या भिंती खालपासून वरपर्यंत पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल. वळणावर कोणीतरी दत्ताची तसबीर टांगलेली, कुणी थुंकू नये म्हणून. लोकांनी तसबीर तेवढी सोडली होती आणि तिच्या भोवतीनं थुंकले होते. देवाला वळसा घालून थुंकणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. मुतारीचा वास थेट नक्कल मिळण्याच्या खिडकीपर्यंत येत होता. आत कागदांचे गठ्ठे लाल फडक्यात बांधून जमिनीवर रचलेले, एकावर बशी, एकावर कोणाचा तरी ओला टॉवेल वाळत घातलेला. कोणाकोणाची घरं, विहिरी, वाटण्या त्या गठ्ठ्यांत असतील.

कारकुनाच्या कपाळाला अष्टगंध, डोक्यावर भिंतीला देवीचा फोटो. पान उलटताना तो बोट जिभेला लावी, मग कागदाला, मग परत जिभेला. तेच बोट आमच्या अर्जावर टेकवून त्यानं विचारलं, "दावा कोणाचा?"

"माज्या आयशीचा," सगुणा म्हणाली. मान ताठ करून म्हणाली. हे वाक्य पुढे तिला किती नडणार आहे हे तेव्हा आम्हा दोघींनाही कळलं नाही.

"नंबर?"

"नंबर ठावक नाय. आयशीचा नाव सोनूबाई. मी ल्हान व्हते."

"नंबर नाही, साल नाही. आम्ही काय ज्योतिषी? उद्या या."

उद्याचं परवा झालं, परवाचं पुढल्या आठवड्यात गेलं. आपण रजिस्टर पाहू का म्हटलं तर, "बायकांना कळायचं नाही त्यातलं." अखेर एका दुपारी त्यानं ते उघडलं, बोट चाटत खाली आला आणि थांबला.

"हे आहे. वादी चिमा, अज्ञान, अ. पा. क. आई सोनूबाई. म्हणजे मुलगी अज्ञान, वयानं लहान, तिच्या वतीनं आईनं दावा लावला. आता ही चिमा कोण?"

"मीच."

"अर्जावर तर सगुणा आहे."

"सगुणा लग्नातला नाव. नवऱ्यान ठेवला. तवापासना चिमा कोण म्हनत नाय."

"मग चिमा कुठंय?"

"सायेब, ती म्हंजे मी."

"असं तोंडी चालत नाही. चिमा आणि सगुणा एकच, असा दाखला आणा. नाहीतर चिमाला हजर करा. मयत असेल तर मयताचा दाखला जोडा."

पलीकडच्या टेबलावरचा दुसरा कारकून खालमानेनं म्हणाला, "आणि तेराव्याला आम्हाला बोलवा. वडे करा." दोघं हसले. समोर उभ्या असलेल्या बाईला तिच्याच तेराव्याचे वडे मागणारी ही माणसं संध्याकाळी घरी जाऊन देवापुढे निरांजन लावत असतील. लावतही असतील, कपाळाला गंध होतंच की.

दाखल्यासाठी सगुणा गावच्या पोलीस पाटलाकडे गेली. हा लहानपणी तिच्याबरोबर करवंदं काढायला जायचा. पण आता गंगारामाच्या ओटीवर पत्ते कुटायला बसतो. तो म्हणाला, "चिमा नावाची बाई माझ्या माहितीत नाय." सगुणा दाराबाहेर पडली तेव्हा मागून म्हणाला, "चिमे, राग मानू नको हां." हे सांगताना ती हसली. मला हसू आलं नाही. शाळेत चौकशी केली तर जुनं रजिस्टर गळक्या कपाटात भिजून लगदा झालेलं.

इकडे गंगारामाचे गवंडी आले. पायाचा चर खणून झाला.

आम्ही पुन्हा खिडकीशी उभ्या. तेवढ्यात एक सफारीवाले गृहस्थ आले. कारकून खुर्चीवरून अर्धा उठला. सफारीवाल्यांच्या हातात नकलांचा हा एवढा गठ्ठा पडला, शिक्क्यासकट. मी काही अनोळखी पुरुषांशी बोलणारी बाई नव्हे, पण विचारलं, "तुमचे इतके दावे चालू आहेत?"

"माझा एकही नाही, ताई. मुंबईच्या पार्टीला कलमांच्या बागा घ्यायच्यात. कोणाच्या जमिनीवर काय भांडण झालं होतं ते आधी बघून घेतो."

"मग दुसऱ्यांच्या दाव्यांचे कागद तुम्हाला कसे मिळतात?"

"तिऱ्हाईत म्हणून. झालेला निकाल कोणीही मागू शकतो. कारण लिहायचं, वर साहेबांची सही घ्यायची, झालं."

ते गेले. मी कारकुनाकडे वळले. "हे आम्हाला का नाही सांगितलंत?"

त्यानं बोट जिभेला लावलं. "तुम्ही विचारलं नाहीत. या बाई आल्या त्या माझ्या आयशीचा, माझ्या आयशीचा करत आल्या. दाव्यातलं माणूस म्हटलं की ओळख पटवायला हवी. परक्याला कसली ओळख?"

हे वाक्य मी घरी आल्यावर वहीत लिहिलं आणि हात धुतले.

बाहेर वडाच्या पारावर बसून नवा अर्ज लिहायला घेतला. नमुना खिडकीशेजारी चिकटवलेलाच होता, तंबाखूच्या पुड्यांच्या जाहिरातीखाली अर्धा झाकलेला. 'अर्जदार सदर दाव्यात तिऱ्हाईत असून' इथवर मी वाचलं आणि सगुणानं विचारलं, "तिराईत म्हंजे?"

मी सांगितलं. तिनं रिकाम्या टोपलीची कड चाचपली.

"म्हंजे सोनूबाई माजी कोण नाय, असा?"

"कागदापुरतं गो."

"आमाला कागदच तर हवाय."

मग मी म्हटलं, माझ्या नावानं करू. मी खरोखरीच परकी. खोटं लिहायला नको, देवाच्या दारी उत्तर द्यायला नको. तिनं मान हलवली.

"नको वैनी. आय मला कडेवर घेऊन चालत यायची कोर्टात. भाकरी पदरात. जज्जान तिला इचारलान, बाय, वाट कोणाची? तर बोलली, पान्याक जाणाऱ्याची. मला येवढाच आठवता. तिच्या कागदाला माझाच नाव लागूदे. मग चिमा म्हणून नाय तर नाय, तिराईत म्हणून लागूदे. लिवा तुमी."

मी लिहिलं. 'सगुणा शिवा गोताड, तिऱ्हाईत.' कारण काय लिहू, विचारलं. "पानी भरूचा हाय," ती म्हणाली. मी लिहिलं, माहितीसाठी. खाली तिनं एकेक अक्षर लावत सही केली. ज्या बाईनं कडेवर घेऊन न्याय मिळवला तिच्याशी आपला काही संबंध नाही, असं लेकीकडून लिहून घेतल्याशिवाय जिथे आईचा कागद मिळत नाही, त्या इमारतीवर रोज सकाळी झेंडा चढतो. मला त्या दिवशी तिकडे बघवेना.

नक्कल हातात येण्याआधी कारकुनानं दोनदा आंब्याचं विचारलं. यंदा मोहोर कसा होता, पायरी आहे की हापूसच, असं. सगुणाकडे कलमं नाहीत म्हटल्यावर नाइलाजानं म्हणाला, "निदान देवीला फूल तरी आणा कधी."

नक्कल मिळाली त्या दिवशी तिनं आणलं. टोपलीतून तांबडी जास्वंद काढली. जास्वंदीला वास नसतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी नाकाशी नेऊन, डोळे मिटून, छातीभर हुंगली आणि मग त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं ती हात जोडून फोटोला वाहिली. मी मनात देवीची क्षमा मागितली. मागताना ओठ आवळून धरावे लागले.

निकाल सरपंचांनी गंगारामाच्या ओटीवर वाचून दाखवला. वादी चिमा, तिची आई सोनूबाई व त्यांच्या वारसांना विहिरीपर्यंत वहिवाटीचा कायम हक्क. गंगारामानं कागद हातात घेऊन शेवटपर्यंत पाहिला, आणि शेवटच्या पानावर, शिक्क्याच्या वर, त्याला ते सापडलं. अर्जदार सगुणा शिवा गोताड, तिऱ्हाईत.

"हितं तर तूच लिवून दिलंस, तू कोण नाय म्हणून," तो म्हणाला. "चिमे, आता आयशीस काय सांगशील?"

सरपंच म्हणाले, निकाल निकाल आहे, वाट सोड. त्यानं सोडली. गडगा उभा राहिला, मध्ये एका माणसाला डोक्यावर हंडा घेऊन जेमतेम जाता येईल एवढी फट. गवंड्यांना ओरडून म्हणाला म्हणे, "तिऱ्हाईतास वाट ठेवा रे." तेव्हापासून वाडीत तेच नाव पडलं. पोरंसुद्धा म्हणतात. शिवा चिडतो. ती पाणी भरते.

त्या फटीतून वर गेलेल्या पाण्यावरची फुलं आज माझ्या देवाच्या पायाशी आहेत. ती वाहताना मला अजून त्या जिन्याचा वास येतो. देवाला येत नसावा, किंवा त्याला सवय असेल.

सकाळी कडी वाजली. मी आतून विचारलं, "कोण गो?"

"तिराईत," सगुणा बाहेरून म्हणाली. "बेल आणलाय."

मी दार उघडलं.