दांडेलीच्या गुहेत आक्काच्या लग्नाचं साल शोधताना

दांडेलीच्या जंगलातल्या गुहेबद्दल लिहा, असं इथे काहीजण अधूनमधून सुचवतात. मी तिथे एकदाच गेले, ऐंशीच्या दशकात, आणि तेही हौस म्हणून नव्हे. माझा थोरला भाऊ अण्णा बेळगावात एका कॉलेजवर भूगर्भशास्त्र शिकवायचा. गुहेतल्या दगडावरून फार जुन्या काळचा पाऊस ओळखता येतो, या विषयाने त्याला झपाटलं होतं. संक्रांतीनंतर तो असा एक दगड आणायला निघाला. मला सुट्टी होती, म्हणून मीही तयार झाले. तेवढ्यात निपाणीकडच्या सासरहून बेळगावातल्या खासबागेत, आमच्या घरी, माहेरपणाला आलेली आमची मधली बहीण शांता, म्हणजे माझी आक्का, म्हणाली, "मी बी येतो." आमच्याकडच्या बायका 'येते' म्हणत नाहीत.

अण्णा हसला. "शांता, तिथं बगण्यासारखं काय न्हाय. अंधार आन् वटवाघळं."

"तुझा दगुड पाऊस सांगतोय न्हवं? मग इचारू की त्येला. पाऊस माझ्या पायानं गेला, का आदीच निघालता?"

आक्काचं लग्न बहात्तरच्या उन्हाळ्यात झालं आणि त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. विहीर आटली, दारची बैलजोडी गेली, आणि तिच्या सासूबाईंनी कारण शोधून काढलं. सून पांढऱ्या पायाची. पुढे चांगले पावसाळेही आले, आक्काला दोन मुलं झाली, पण तो शब्द घरातून हलला नाही. मृगात पेरणीआधी कुरीची, म्हणजे बी पेरायच्या अवजाराची पूजा होते. हळदकुंकवाचा मान थोरल्या सुनेचा. आक्काला मात्र दरसाल सांगायचे, "तू आत ऱ्हा." धाकटी जाऊ ताट घेऊन पुढे व्हायची आणि आक्का चुलीपुढे बसून राहायची. मला त्या घराचा तेव्हाही राग होता, आजही आहे.

बेळगावच्या स्टँडवरून सकाळची लाल गाडी धरली. खानापूर, नंदगड, हल्याळ आणि मग दांडेली. कंडक्टर "मुंदे होग्री", पुढे सरका, म्हणत माणसं कोंबत होता. खानापूरपर्यंत रस्ता बरा, पुढे हाडं खिळखिळी होतात. हल्याळला चहा घेतला आणि आईने बांधून दिलेली भाकरी आणि शेंगाचटणी तिथल्याच बाकावर बसून खाल्ली. नंदगड सुटलं की झाडी दाट होत जाते, ऊन फक्त पानांवर दिसतं. एरवी मी गाडीभर बडबडले असते. आक्का खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होती, म्हणून मीही झाडीच बघत राहिले.

मुक्काम दांडेलीत केला. दुसऱ्या दिवशी वनखात्याची जीप आणि सोबत एक वयस्कर गार्ड. तुम्ही जाणार असाल तर परवानगी आधी काढा, पावसाळा टाळा आणि आमच्यासारख्या साड्या नेसून जाऊ नका. जीप सोडल्यावर जंगलातून चालायचं, मग दगडी उतार, आणि शेवटी गुडघ्यांवर रांगत आत शिरायचं. आत ओल, वटवाघळांचा उग्र वास आणि कुठेतरी पडणारे थेंब. मध्यभागी जमिनीतून वर वाढलेला पांढरट खांब. भूगोलाच्या पुस्तकात त्याला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात. इथे तो महादेव आहे. आम्ही तिघांनी हात जोडले.

गार्ड म्हणाला, "उभ्याला हात लावू नका सर, त्यो देव हाय. पडल्याला घ्या."

अण्णाला पडलेलाच हवा होता. कोपऱ्यात तसा एक खांब मोडून आडवा झाला होता. अण्णाने त्याच्या तुटक्या तोंडावर पाणी ओतलं, बॅटरी धरली, आणि एकात एक गुंफलेली वलयं दिसू लागली. पावसाचं पाणी डोंगरातून झिरपतं, सोबत चुना आणतं, थेंब पडला की तिळभर चुना खाली ठेवून जातं. पाऊसमान बदललं की या थराचा रंग, जाडी आणि आतली घडण बदलते, असं तो सांगत होता. काही वलयं रुंद आणि स्वच्छ होती. काही काळपट, केसासारखी बारीक; ती कोरड्या काळातली असावीत, असं तो म्हणाला.

आक्का उकिडवी बसली. "ह्यात माझ्या लग्नाचं साल कुठलं?"

मी अण्णाला कोपराने ढोसलं. एका बारीक रेघेवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, ही बघ, तुझ्या आधीची. एवढं खोटं बोलायला काय जात होतं? पण अण्णा कॉलेजात जसा होता तसाच गुहेत.

"न्हाय सांगता येत, शांता. एकेक साल असं बोट ठिवून मला वाचता येत न्हाय. आन् ह्यो खांब लई जुन्या काळी पडलाय. तवापास्नं ह्येच्यावर थेंब न्हाय. तुझं सालच ह्यात न्हाय."

मला त्याचा इतका संताप आला की बॅटरी हिसकावून बाहेर जावंसं वाटलं. आक्का एवढ्या लांब आली होती ती याच्यासाठी. ती खाली वाकून बघत राहिली. मग तिने त्या काळपट रेघांवरून हळूच बोट फिरवलं.

"मग ह्या वाळक्या रेगा कुणाच्या पायानं आल्या?"

अण्णाने त्या खांबाचा एक तुकडा गोणपाटात गुंडाळला आणि आम्ही रांगत बाहेर आलो. परतीच्या गाडीत आक्का चक्क झोपली.

घरी आल्यावर दोन दिवसांत ती सासरी गेली. दगड प्रयोगशाळेकडे गेला. त्यातून कुठला काळ कोरडा होता वगैरे अण्णाने मला पुढे समजावलं, आणि मी ते विसरलेही. त्या प्रवासाचं माझ्याजवळ उरलं ते नागपंचमीला आक्का माहेरी आली तेव्हाचं बोलणं. भाजी निवडत ती सहज म्हणाली, "औंदा कुरी मीच पुजली."

"आणि सासूबाई?"

"आत जा म्हणाल्या. मी म्हटलं, न्हाय जात. आन् ताट उचाललं."

मी घाबरतच विचारलं, "पाऊस?"

"न्हाय गं. पेरल्यालं निम्मं वाळलं."

"मग? काय म्हणाल्या त्या?"

"काय म्हणत्यात? रानातनं आलो तर उंबऱ्यात बसल्या हुत्या. माझ्या पायाकडं बगितल्या."

"आणि तू?"

"मी बी बगितलं. मातीनं भरल्यालं. धुतलं आन् सैपाकाला लागलो."