टकटक आत्याचा बिननावाचा कागद

माझ्या आत्याला आमच्या घरात सगळे टकटक आत्या म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. चौतीस वर्षं ती कोर्टात टायपिस्ट होती. वकील विचारायचे, साक्षीदार सांगायचे आणि आत्या ते जसंच्या तसं टाइप करायची. निवृत्त झाली तरी बोटांना कुणी कळवलं नसावं. जेवायला बसली की ताटाच्या कडेवर तिची टकटक चालूच.

तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही, हे आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बिनलग्नाची आत्या ही फार सोयीची वस्तू असते. कुणी आजारी पडलं की तिला बोलवा, कुणी गावाला गेलं की घर राखायला बोलवा, आणि काम झालं की बसमध्ये बसवून द्या. नाही म्हणणं तिला जमायचं नाही, पण बोलायची फटकळ. आपण काही सांगायला लागलो की लगेच विचारायची, ‘‘तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस?’’ निम्म्या गप्पा तिथंच मरायच्या. आम्ही तिच्या पाठीमागं तिची नक्कल करायचो. सगळ्यात चांगली नक्कल माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, करायचे.

मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तिथला एक भंगारात निघालेला, वीज गेली तरी चालावा म्हणून बॅटरीसकट, मी आत्याला आणून दिला होता. नवा घेऊन देण्याची ऐपत होती, पण आत्याला कशाला नवा, असं मला वाटलं. इंटरनेट नव्हतं. नुसतं टाइप करायला पुरे होतं.

चार महिन्यांनी तिचा फोन आला.

‘‘अरे, हा तुझा कॉम्प्युटर बंद होत नाही.’’

‘‘म्हणजे काय होतं?’’

‘‘बंद कर म्हणून सांगितलं की काहीतरी इंग्रजीत विचारतो. मी कॅन्सल करते. मग परत आहे तिथंच.’’

‘‘मग रोज काय करतेस?’’

‘‘पडद्याचं बटण दाबते. काळा होतो. पण खालचा डबा रात्रंदिवस घुरघुरतो.’’

मी फोनवर हसलो. चार महिने ती फक्त पडदा विझवत होती आणि कॉम्प्युटर बिचारा जागाच होता. मी उंटावरून शेळ्या हाकत म्हटलं, ‘‘डब्याचं बटण पाच सेकंद दाबून धर. जाईल.’’

‘‘जबरदस्तीनं? नको. आत काम अर्धं आहे. तू ये.’’

शनिवारी दुपारी गेलो. जाताना ऑफिसातला छोटा प्रिंटर पिशवीत घालून न्यायला तिनं बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी रविवारी सगळं घराणं माझ्याकडे जेवायला येणार होतं, आणि त्याआधी तिला काहीतरी छापून हवं होतं. मला वाटलं, एखादी कविता-बिविता असेल. निवृत्त माणसांना होतं तसं.

तिची एकच खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि पलंगाखाली जुना टाइपरायटर, चादरीत गुंडाळलेला. ती खुर्चीतून उठली तेव्हा तिची बोटं पाहिली. उजव्या हाताची दोन वाकडी होऊन तळव्याकडे वळली होती. सांधे सुजले होते.

‘‘या बोटांनी टाइप करतेस?’’

‘‘दिवसाला अर्धं पान होतं,’’ ती म्हणाली. ‘‘एक्केचाळीस पानं झाली. कालच संपलं. आता नाव घालायचं, छापायचं आणि सही घ्यायची.’’

‘‘चार महिन्यांत सेव्ह केलं नाहीस?’’

‘‘तो नाव विचारतो. अपुऱ्या कागदाला नाव नसतं. जबाब पूर्ण व्हायचा, वाचून दाखवायचा, सही व्हायची, मग साहेब त्यावर क्रमांक घालायचे. आधी क्रमांक घातला तर नोकरी जायची.’’

घोडं कुठं पेंड खातंय ते मला तिथंच कळलं. कॉम्प्युटरमध्ये काहीच बिघाड नव्हता. बिननावाचा कागद उघडा होता. बंद होताना कॉम्प्युटर तिला विचारत होता, हा ठेवू की टाकू? ती दोन्हीला नाही म्हणत होती. मी तिला तेव्हाच हे सांगितलं असतं, एक नाव घातलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मला माझी हुशारी दाखवायची होती. मी भुवया आकसून म्हटलं, ‘‘बघावं लागेल.’’

‘‘बघ. मी चहा टाकते. पण त्यातलं वाचू नकोस हं. सही झाल्याशिवाय कागद कुणी वाचत नाही.’’

ती पडद्याआडच्या ओट्याकडे गेली. मी वाचू लागलो. माणसाला वाचू नकोस म्हटलं की तो दुसरं काय करणार?

कोर्टातल्यासारखंच लिहिलं होतं. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. प्रश्न तिनंच विचारले होते आणि उत्तरंही तिचीच होती.

‘प्रश्न: तुमचे लग्न ठरले होते काय? उत्तर: होय. मुलगा जमीन मोजणी खात्यात होता. मला पसंत होता.’

‘प्रश्न: लग्न का मोडले? उत्तर: मला फिट येतात असे एक निनावी पत्र त्यांच्याकडे गेले. मला कधीही फिट आलेली नाही.’

‘प्रश्न: पत्र कोणी लिहिले हे तुम्हांस कसे कळले? उत्तर: मुलाच्या आईने ते माझ्या हातात दिले. ते टाइप केलेले होते. त्यातील प्रत्येक “ह” ओळीच्या वर उडालेला होता. माझ्या घरच्या सरावाच्या मशीनची “ह”ची दांडी वाकडी आहे. त्या मशीनला घरात मी आणि माझा धाकटा भाऊ असे दोघेच हात लावत होतो. भावाच्या शिक्षणाचे शेवटचे वर्ष होते. घरात कमावणारी मी एकटी होते.’

 पुढचं वाचलं.

‘प्रश्न: तुम्ही भावास विचारले काय? उत्तर: विचारण्याची वेळ आली नाही. मी पत्र घेऊन घरी आले. कोणाशी बोलले नव्हते. भाऊ दारातच म्हणाला, ताई, मी काही लिहिलेले नाही. असे पत्र गेले आहे हे तोवर घरात कोणालाही ठाऊक नव्हते.’

शेवटच्या पानावर होतं, हा जबाब सर्व नातेवाइकांसमोर वाचून दाखवण्यात येईल, आणि ज्याने पत्र लिहिले तो बरोबर आहे असे म्हणून खाली सही करेल. मला दुसरे काही नको. खाली रेघ आखलेली होती. रेघेखाली माझ्या बाबांचं नाव.

आता खरं सांगतो, मला राग आला. बाबांचा नाही, तिचा. चाळीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलीस, तर आता माझ्याच घरी, माझ्या बायको-मुलांसमोर, माझ्या सासऱ्यांसमोर ते उघडायचं? बाबांचं हृदय नाजूक आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते नाजूक आहेच, पण कारण ते नव्हतं. बाबांचं शिक्षण, बाबांची नोकरी, आईशी लग्न, आमचं घर, मी, हे सगळं त्या उडालेल्या ‘ह’वर उभं होतं. ते कुणी मोजून दाखवावं असं मला वाटत नव्हतं.

आत कपबशा वाजत होत्या. मी कॉम्प्युटरला बंद हो म्हटलं. त्यानं विचारलं, ठेवू की टाकू? मी टाक म्हटलं. अकरा सेकंदांत तो बंद झाला. घुरघुर थांबली आणि खोलीत पहिल्यांदाच शांत वाटलं.

‘‘झाला?’’ आत्या चहा घेऊन आली.

‘‘झाला.’’

‘‘गुणाचा गं बाई माझा भाचा,’’ ती म्हणाली आणि वाकड्या बोटांनी माझ्या गालांवरून हात फिरवून ती कडाकडा मोडली. त्या बोटांना ते दुखलं असणार. ‘‘चहा घे, मग चालू कर. छापू या.’’

चालू केला. कागद नव्हता. मी शोधल्यासारखं केलं. खरं तर असे कागद कॉम्प्युटर गुपचूप एका कोपऱ्यात राखून ठेवतो. तो कोपरा मला माहीत होता. मी तिथं गेलो, एक्केचाळीस पानं तिथं होती, आणि आत्या शेजारी बसून पाहत असताना मी तीही पुसली. तिला वाटलं, मी शोधतोय. मधे एकदा तिनं माझ्या पाठीवर हातही ठेवला.

‘‘गेलं आत्या,’’ मी म्हटलं. ‘‘नाव घातलं नव्हतंस ना. नाव नसलं की राहत नाही. चूक तुझी आहे.’’

तिच्या चौतीस वर्षांत एक कागद चुकीसाठी परत आला नव्हता, हे ती आमच्या लहानपणापासून आम्हाला ऐकवत आली होती. म्हणूनच मी तो शब्द वापरला. मला माहीत होतं तो कुठं लागेल.

 ती मांडीवर बोटं पालथी ठेवून बसली. टकटक बंद होती. ती शांतता मला सोसेना, म्हणून मीच म्हटलं,

‘‘आणि मी काही वाचलेलं नाही हं त्यातलं.’’

तिनं मान वर केली. कोर्टात साक्षीदाराकडे पाहत असेल तशी माझ्याकडे पाहत राहिली. घाई नाही, राग नाही.

‘‘मी कुठं विचारलं?’’ ती म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ते माझ्या तोंडावर लख्ख पडलं असणार.  मी वायर गुंडाळायला लागलो. छापायला काहीच नव्हतं, तरी प्रिंटर दोनदा पिशवीत घातला आणि बाहेर काढला.

‘‘परत लिही ना,’’ मी म्हटलं. ‘‘मी येऊन नाव घालून देईन.’’

तिनं हात उचलून मला दाखवले. ‘‘या बोटांत एवढंच होतं रे. ते झालं.’’

‘‘मग रविवारी तोंडी सांगशील?’’ माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

‘‘तोंडी कोण ऐकतंय? उद्या म्हणाल, म्हातारी बडबडते. तोंडी गोष्टींचं काय होतं ते मी चौतीस वर्षं पाहिलंय.’’ मग ती उठली, माझा न प्यालेला चहा मोरीत ओतला आणि कप विसळता विसळता म्हणाली, ‘‘खाण तशी माती. जा आता. आणि हो, बंद करून जा.’’

मी बंद केला. अकरा सेकंद.

रविवारी ती आली. मला वाटलं होतं येणार नाही. स्वच्छ इस्तरीची साडी नेसून आली, सगळ्यांकडून पाया पडून घेतलं, माझ्या सासऱ्यांची चौकशी केली. जेवताना बाबा म्हणाले, ‘‘काय ताई, टकटक ऐकू येत नाही आज?’’ आणि ताटाच्या कडेवर बोटं आपटून त्यांनी तिची नक्कल केली. सगळे हसले.

‘‘बोटं गेली,’’ आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘साक्षीदार, जरा पाणी वाढा.’’

‘‘साक्षीदार?’’ बाबांना गंमत वाटली. ‘‘हे काय नवीन?’’

‘‘काही नाही रे. तुझा मुलगा चांगला साक्षीदार आहे. विचारायच्या आधीच सांगतो.’’

बाबांचा घास हातात एक क्षण थांबला. मग ते हसले.

याला तीन वर्षं झाली. आत्याची बोटं आता पूर्ण मिटली आहेत. जेवण भरवावं लागतं. कॉम्प्युटर मी परत नेला, भंगारात दिला. ती मला माझ्या नावानं हाक मारत नाही. साक्षीदार म्हणते, आणि ते नाव घरात सगळ्यांनी उचललं आहे. माझी मुलंसुद्धा चिडवतात. हाक आली की सगळे हसतात. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसतात, आणि हसताना माझ्याकडे पाहत नाहीत.