पोचल्याचा फोन

२००२च्या सप्टेंबरात मी इस्लामपूरहून निघालो, त्या सकाळी आईने केरसुणी दाराआड ठेवून दिली. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की मागे लगेच केर काढायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. "पोचल्याचा फोन कर, मग झाडते," ती म्हणाली. माझ्या खोलीत सुतळीचे तुकडे पडले होते, घाईत टाल्कम पावडर सांडली होती. बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, "दोनच वर्षं. डिप्लोमा झालाय ना, जर्मनीत थेट पाचव्या सेमिस्टरला घेतायत."

कोलोनला उतरल्यावर फोनकार्ड घ्यायच्या आधीच मी कॉलेजच्या ऑफिसात गेलो; उत्साह दांडगा. तिथल्या बाईंनी माझ्या पॉलिटेक्निकच्या मार्कशीट एकेक करून पालथ्या ठेवल्या. आनएर्केनुंग, म्हणजे आधीच्या शिक्षणाला मान्यता, फक्त दोन विषयांना मिळाली. बाकी सगळं पहिल्यापासून, आणि त्याआधी जर्मनची परीक्षा. तीन वर्षांचा डिप्लोमा पाच मिनिटांत निकालात निघाला. मग घरी फोन केला. "आई, पोचलो. सगळं ठीक आहे." पलीकडून ती "बरं," एवढंच म्हणाली.

पुढे दर रविवारी बाबा विचारायचे, "किती राहिलं?" मी म्हणायचो, "दोन सेमिस्टर." वर्षाने दोन, तीन वर्षांनीही दोनच. मग त्यांनी विचारणंच सोडलं, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

चौथ्या वर्षी सुट्टीत घरी गेलो. घर लख्ख होतं, फक्त माझ्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. उघडलं तर सुतळीचे तुकडे धुळीखाली तसेच पडलेले. पावडरीत माझ्याच पायाचा ठसा, दाराकडे निघालेला.

"झाडलं नाहीस?"

"तू पोचलायस कुठे अजून?" आई शांतपणे म्हणाली. "फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं मला. पोचलास की सांग."

तिथेच खरं सांगायला हवं होतं. मी भित्रा निघालो. "दोनच सेमिस्टर राहिलीत," म्हणालो.

त्या हिवाळ्यात आई गेली. मी शेवटचं बघायलाही पोचलो नाही.

दोन वर्षांची डिग्री सहा वर्षांनी हातात पडली. कॉलेजच्या आवारातूनच भर दुपारी बाबांना फोन लावला आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगून टाकलं. "आता पोचलो, बाबा." तेवढ्यात पलीकडून मला केरसुणी ऐकू आली. सर्र, सर्र, जरा थांबून पुन्हा सर्र.

"कोण झाडतंय?"

"कोण झाडणार? मी एकटाच तर आहे घरात."

मी इंजिनियर माणूस. स्वस्त फोनकार्डाच्या लाइनवर खरखर येते, हे मला ठाऊक आहे. पण ती खोली नंतर उघडून पाहिली का, हे मी बाबांना कधीच विचारलं नाही.

आता मी जर्मनीतच, नेकारसुल्मला राहतो. घर कुठलं, असं इथले जर्मनही विचारतात आणि भारतातून आलेलेही. माझ्या एका 'पोचलो'वरून मी पोचलो नाही हे जिला कळलं, ती होती ते घर. आता मुलगी क्लासेनफार्टला, म्हणजे शाळेच्या सहलीला, गेली की मी व्हॅक्यूम क्लीनर कपाटातून काढत नाही. बायको हसते. संध्याकाळी फोन येतो, "पापा, बिन दा." आले, पोचले.

"खरंच पोचलीस ना?" मी मराठीत विचारतो.

"या, या!" ती वैतागून जर्मनमध्येच 'हो, हो' म्हणते.

तिचा आवाज मी नीट ऐकून घेतो. मगच केर काढतो.