निरोपाचं औषध

आमच्या घराचा पुढचा भाग दवाखाना आणि मागचा भाग घर आहे. बायको डॉक्टर आहे. मी मुरबाडकडच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या गावात आठवडे बाजार भरतो. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं मीठमिरची, सुकी मासळी घ्यायला येतात, तेव्हाच दवाखान्याचंही काम उरकतात. त्या दिवशी आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसते.

आमच्याकडे एक पद्धत आहे. बाजाराला निघालेला माणूस स्वतःच्या सामानाबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांची दुखणीही घेऊन निघतो. "आमच्या वयनीचा गुडगा, भावाच्या पोरीला जुलाब, आनि म्हातारीला त्या मागच्याच पिवल्या गोल्या," असं एका दमात सांगतो आणि पिशवी पुढे करतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रोजंदारी बुडवून, भरलेल्या जीपमध्ये लटकत आजारी माणसानं का यावं, धडधाकट माणूस जातोच आहे तर? निव्वळ हिशेब म्हणून पाहिलं तर मला यात चूक सापडत नाही.

बायकोला सापडली. बऱ्याच वर्षांपूर्वी एक जण सुनेचं डोकं दुखतंय आणि पायांना सूज आहे असं सांगून गोळ्या घेऊन गेला. सून गरोदर आहे, दिवस भरत आले आहेत, हे त्यानं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. दुखणी विचारली होती, गरोदरपण हे काही दुखणं नव्हे, म्हणून त्यानं सांगितलं नाही. आणि बायकोनंही त्या गर्दीत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ब्लड प्रेशर वाढून सुनेला झटके आले. ठाण्याला नेल्यावर बाई वाचली, मूल वाचलं नाही. त्यानंतर दवाखान्यात नियम झाला: माणूस आणा, निरोपावर औषध मिळणार नाही. लोक कुरकुरले, काहींनी दुसरा दवाखाना धरला, काही शिव्याही देऊन गेले. नियम टिकला.

मला शब्दांपेक्षा आकड्यांवर जास्त भरवसा आहे. कामाच्या ठिकाणी कुणी "थोडा माल कमी आहे" म्हटलं की मी "किती?" म्हणून विचारतो आणि त्यामुळे फारसा कुणाच्या आवडीचा नाही. घरात मात्र गेलं वर्षभर मी "थोडं" हाच शब्द ऐकत होतो. थोडं दमायला होतं. थोडं भरून आल्यासारखं वाटतं. ॲसिडिटी असेल. पाण्याची कळशी उचलताना ती मध्येच खाली ठेवायची आणि पदर सारखा करत असल्यासारखं करायची. अख्ख्या गावाचं ब्लड प्रेशर मोजणारा तो पट्टा तिच्या स्वतःच्या दंडाला लावलेला मी कधी पाहिला नाही. मी लावायला गेलो तर म्हणाली, "अहो, बाहेर माणसं खोळंबलीत."

माणसं खरोखरच खोळंबलेली असत. भाताची झोडणी सुरू होती. कोंड्यानं खोकणारे, विळ्यानं बोट कापून घेतलेले, कंबर धरलेले. दवाखाना बंद ठेवला तर अर्धा गाव सलाइन लावून देणाऱ्या एका खोट्या डॉक्टरकडे जातो, हे तिला माहीत होतं. एकदा भाचीच्या लग्नासाठी दाराला कुलूप लावलं, तेव्हा साप चावलेल्या माणसाला दारापर्यंत आणून परत न्यावं लागलं होतं. माणूस वाचला, पण त्याच्या भावानं भर बाजारात तिला विचारलं, "लगीन महत्त्वाचं का जीव?"  तिनं पुन्हा कधी कुलूप लावलं नाही.

एका शनिवारी मला कामासाठी शहापूरला जायचं होतं. निघताना ती दारापर्यंत आली.

"तिथल्या फिजिशियनना भेटाल का? त्यांना विचारा, पन्नाशीची बाई आहे, चालताना छातीत भरून येतं, थांबलं की जातं. काय सुरू करू?"

"फोन करून विचार की."

"फोनवर ते दहा प्रश्न विचारतील."

मी तिच्याकडे पाहिलं. ती रस्त्याकडे पाहत होती. पेशंट कोण हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की मी आता कुणाच्या तरी वयनीचा गुडगा घेऊन निघालो आहे.

शहापूरच्या डॉक्टरांच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. आतलं बोलणं बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जातं. मी निरोप सांगितला. डॉक्टरांनी पेन उचललं.

"किती चालल्यावर भरून येतं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे? सपाटीवर की चढावर? हात दुखतो? घाम येतो?"

 आयुष्यभर लोकांना विचारलेला प्रश्न मला विचारला गेला होता आणि माझ्याकडे आकडा नव्हता.

"मॅडमनी पेशंटला का नाही पाठवलं?"

"तिला यायला जमत नाही."

"का?"

"कामं आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम स्वतः बऱ्या आहेत ना?"

खोटं बोलणं मला जमत नाही. मी नाही म्हणालो.

"त्यांना उद्या घेऊन या," ते म्हणाले, आणि आधी बोलत होते त्यापेक्षा मोठ्यानं म्हणाले, "औषध मी असं देणार नाही. डॉक्टरच्या घरातल्या माणसाला हे मी सांगायला हवं का?"

घरी येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाजाराचा दिवस जाऊ दे." मी चिडलो. ती पडवीत गेली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाजाराच्या दिवशी मी रजा काढून घरी थांबलो. एक म्हातारी आली. गुडघ्यांसाठी ती बऱ्याच वर्षांपासून येते. जवळच्याच पाड्यावर राहते आणि सगळ्यांना अरेतुरे करते. स्वतःचे गुडघे दाखवून झाल्यावर तिनं पिशवी पुढे केली.

"शेजारनीचे पाय सुजलेत. तिला गोल्या दे."

"तिला आण."

"ती कशी येल? बकऱ्या कोन राखंल?"

"आजी, तुला किती वेळा सांगितलं? माणूस पाहिल्याशिवाय मी औषध देत नाही. तिला काय झालंय ते तुला काय माहीत?"

म्हातारीनं पिशवीची घडी घातली. "आनि तू गो बाय? तुजा घो शापूरला तुजं दुखनं घेऊन गेलता ना?"

 पडवीत कुणीतरी हसलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"माजा जावय बसलेला तिथं बाकड्यावर. समदा ऐकलान. डॉक्टर वरडला म्हनं याला." म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. "बिचारा गप र्‍हायला."

बायकोचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, ती आता सगळ्यांनाच बाहेर काढते. पण ती खुर्चीत मागे टेकली. "माझं वेगळं आहे, आजी. मी गेले तर इथं कोण बघेल?"

"तेच ती सांगते. बकऱ्या कोन बघंल." म्हातारी बाकावरून उठता उठता पुन्हा बसली. "असं कर. मी तिला घेऊन येते, तू शापूरला चल. आमीबी येतो जीपमदी. तिचे पाय त्याच डॉक्टरला दाखव. बकऱ्या माजी सून राखंल."

"आणि मी?"

"तुज्या बकऱ्या," पडवीकडे हात फिरवत म्हातारी म्हणाली, "एक दिवस उपाशी र्‍हातील. मरत नाय."

आता पडवी मोकळेपणानं हसली. टाके घालून घ्यायला आलेला एक जण कापलेलं बोट वर धरून हसत होता. "जावा बाई तुमी," तो म्हणाला, "आदी माजा बोट शिवा नि जावा."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं जीपनं गेलो. शहापूरच्या बाकावर ओळखीची माणसं होतीच. एकानं खिशातली गोळ्यांची पट्टी काढून बायकोला विचारलं, जेवणाआधी की नंतर? ती सांगायला लागली. तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. तिनं वाक्य पुरं केलं आणि मग उठली.

आत डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला: किती चालल्यावर? तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तोच शब्द येणार.

"विहिरीपासून घरापर्यंत येताना दोनदा थांबते," ती म्हणाली. "डावा हात जड होतो. गेल्या महिन्यापासून माळ्याचा जिना चढताना घाम येतो. दोनदा घरात बसलेली असतानाही झालं."

हे सगळं मी प्रथमच ऐकत होतो. एका घरात राहून.

शेजारणीच्या पायांची सूज रक्त कमी असल्यामुळे होती. तिला गोळ्या आणि तपासण्या लिहून मिळाल्या. बायकोला तिथूनच कल्याणला न्यायचं ठरलं. अँजिओग्राफीत एक नस जवळजवळ बंद निघाली. स्टेंट घातला. आणखी एक बाजाराचा दिवस जाऊ दिला असता तर काय झालं असतं, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही.

घरी आल्यावर दाराला कुलूप लावलं आणि पाटी टांगली. पाटी वाचूनही लोक येत. औषधासाठी नव्हे, विचारपूस करायला. आणि पद्धत तीच: एक जण सगळ्या पाड्याचं विचारून जायचा. "वरच्या आळीनं विचारलंय, बाई कशी हाय." मी पडवीत उभा राहून सगळ्यांना तेच सांगत असे: बरी आहे, आराम करते आहे. आणि ते माझा निरोप पाड्यावर घेऊन जात.

म्हातारी शेजारणीसह आली. शेजारणीचे पाय उतरले होते. मी नेहमीचं उत्तर दिलं.

"तुजा निरोप नको," म्हातारी म्हणाली. "मानूस दाव."

आतून बायकोनं ऐकलं असावं. ती हळूहळू बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हात धरून दाबून पाहिला.

"सुकलीस गो. पन बरी हायस." मग पायरीवर बसून तिनं लुगडं गुडघ्यावर सरकवलं. "आता उठलीच हायस त एक सुई दे मला. जाम ठनकतंय."

मी पुढे झालो. पाटीकडे बोट दाखवणार होतो. त्याआधीच बायको म्हणाली, "आजी, दवाखाना बंद आहे."

म्हातारीनं लुगडं खाली केलं. "कदी उगडनार?"

"माझे डॉक्टर सांगतील तेव्हा," ती म्हणाली, आणि आत जाऊन पडली.