कुसुमताईंची शेगडी आणि बंगळूरचा मोबाईल

प्लास्टिकच्या पिशव्या कोणी मुद्दाम साठवतं का? तरी प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे पिशव्यांनी भरलेली एक पिशवी लटकत असतेच. आमच्या किश्शांचंही तसंच झालंय. आम्ही चौघी रोज चार वाजता चहाला बसतो आणि उठताना एखादा किस्सा हातात असतो. टाकून द्यायला जीव होत नाही. आता ती पिशवी इतकी फुगली आहे की दार लागेना! म्हटलं, थोडे तुम्हाला देऊन टाकावेत.

चौघी म्हणजे कात्रजच्या आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या. मी सुनंदा. समोर रेहानाभाभी, त्यांचं माहेर कसबा पेठेतलं. भिंतीला भिंत लागून कुसुमताई. वय सत्तरीच्या पुढे, राहतात एकट्या, ऐकतात कोणाचंच नाही. आणि कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारी तेजल. ती अकोल्याची, आयटीत आहे, घरूनच काम करते.

आणि किस्से म्हणाल, तर सगळे कुसुमताईंच्या शेगडीचे.

* * *

सुरुवात झाली ती मेथीमुळे.

कुसुमताई गॅसवर वरण उकळायला ठेवून खाली भाजीच्या गाडीवर गेल्या. मेथी ताजी होती, गाडीवाला ओळखीचा होता, मी पण तिथेच होते. गप्पा रंगल्या. वर आलो तर जिन्यात धूर आणि पातेलं काळंठिक्कर! बाकी काही झालं नाही, पण कोणीतरी त्यांच्या मुलाला बंगळूरला फोन केला. कोणी, ते अजून बाहेर आलेलं नाही.

निखिल दुसऱ्याच दिवशी हजर. मुलगा चांगला आहे हो, आईची काळजी करतो. पण काळजी करताना आईला विचारायचं राहून जातं. त्याने गॅसची शेगडी भंगारात दिली, सिलिंडर एजन्सीला परत केला आणि ओट्यावर काळ्या काचेची इंडक्शनची शेगडी आणून ठेवली. ही शेगडी मोबाईलला जोडलेली! चालू केली की निखिलच्या मोबाईलवर मेसेज, बंद केली की मेसेज, फार वेळ चालू राहिली तरी मेसेज.

"ते ॲप तुझ्याही मोबाईलवर टाकून ठेवतो आई, नुसतं बघायला."

"मला कशाला? मी तर शेगडीसमोरच उभी असणार."

निखिलने तरीही ते टाकलंच. मग त्याने आईचा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, यात रागवायचं काही नाही. वय होतं माणसाचं. पण पुन्हा काही झालं, तर तू माझ्याकडे बंगळूरला यायचं. चर्चा नाही."

कुसुमताई म्हणाल्या, "वय नाही झालं रे, मेथी चांगली आली होती!"

* * *

इंडक्शनला कोणतंही भांडं चालत नाही, ज्याला लोहचुंबक चिकटतं तेच चालतं. निखिल फ्रिजवरचा चुंबक घेऊन एकेक भांडं तपासायला लागला. पितळी पातेलं, नापास. ॲल्युमिनियमची कढई, नापास. आईच्या माहेरचं तांब्याचं तपेलं, तेही नापास.

कुसुमताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "तू दहावीला गणितात जेमतेम पास झालास, तेव्हा याच कढईत मी तुला शिरा करून घातला होता. तिला नापास करायला तू कोण?"

निखिल गेल्यावर आम्ही नवीन पातेलं आणायला कसब्यातल्या, रेहानाभाभींच्या ओळखीच्या दुकानात गेलो. कुसुमताईंनी पर्समधून चुंबक काढला आणि मांडलेल्या प्रत्येक भांड्याला लावून बघायला लागल्या. दुकानदार हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाले, "ताई, पातेलं बघताय की जावई?"

"जावई बघताना हे हातात असतं, तर माझ्या बहिणीचं कल्याण झालं असतं!"

तेव्हा कुठे त्यांनी मान वर काढली.

* * *

आता त्या मेसेजची गंमत.

आम्ही चौघी काही एका वेळी उगवत नाही. मी आधी जाते, भाभी नमाज आटोपून येतात, तेजल मीटिंगमधून सुटली की येते. कुसुमताईंचा नियम असा की येईल तिला ताजा चहा. आधीचा गरम करून द्यायचा नाही.

एकदा बंगळूरहून फोन आला. "आई, आत्ता परत काय चढवलंस?"

"चहा."

"मगाशी पण चहाच होता ना?"

"मगाशी सुनंदा आली होती. आता रेहाना आली."

"मग सगळ्यांचा एकदम का नाही करत?"

"तुझ्या ऑफिसात सगळे एकदम येतात का?"

पुढे एकदा निखिल मोठ्या पडद्यावर कसलंसं प्रेझेंटेशन देत होता आणि सगळ्यांसमोर त्याच पडद्यावर मेसेज झळकला, 'आईची शेगडी चालू झाली.' साहेब लोक हसले. त्यानंतर म्हणे त्याचं अख्खं ऑफिस त्या मेसेजची वाट बघायला लागलं. एक दिवस दुपारपर्यंत मेसेज आला नाही, तर साहेबांनीच विचारलं, "निखिल, आज आंटी ने कुछ बनाया नहीं क्या?"

हे ऐकल्यापासून कुसुमताई कधी कधी दुपारीच शेगडीवर नुसतं पाणी ठेवायच्या. म्हणायच्या, "बिचारे वाट बघत असतील."

* * *

ज्या दिवशी मेसेज आला नव्हता, तो दिवस होता गुरुवार.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली लाईट जाते, ती कधी येईल ते देवालाच ठाऊक. निखिलचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला. "आई, सकाळपासून शेगडी बंद आहे. बरी आहेस ना?"

"बरी आहे. गुरुवार आहे."

"अगं, पण तू कधीपासून गुरुवार करायला लागलीस?"

"मी नाही, तुझी शेगडी करते. माझा उपवास सोमवारी असतो, हिचा गुरुवारी. दोघींचा मिळून आठवड्यात दोन दिवस स्वयंपाक नाही!"

भाभी दारातूनच ऐकत होत्या. त्यांनी कुसुमताईंना हाताला धरून आपल्या घरी नेलं. म्हणाल्या, "माझ्या गॅसला लाईट लागत नाही, कुसुमताई. करा काय करायचं ते." कुसुमताई पडल्या शुद्ध शाकाहारी. भाभींनी माळ्यावरून एक कोरी कढई काढली, तिच्या कडीला लाल दोरा बांधला आणि घरात सगळ्यांना बजावलं, "लाल दोऱ्याला कोणी हात लावायचा नाही."

त्या दिवसापासून कुसुमताईंचं अर्धं स्वयंपाकघर समोरच्या घरात राहायला गेलं. आधी फक्त गुरुवारी. मग ज्वारीची भाकरी असेल तेव्हा. मग जवळजवळ रोजच.

* * *

तेजल मात्र पक्की इंडक्शनवाली. तिच्याकडे गॅसच नाही, आणि लायटर पेटवायचा म्हटलं की ही पोरगी डोळे मिटते. ती म्हणायची, "काकू, धूर नाही, भांडी काळी नाहीत, उन्हाळ्यात ओट्याजवळ घाम नाही. टायमर लावा आणि निवांत बसा. अजून काय पाहिजे?"

खोटं कशाला बोलू, मला तिचं पटत होतं. दूध तापवायला माझ्याकडेही आहे एक इंडक्शन, आणि बरं पडतं.

पण कुसुमताईंचा स्वयंपाक म्हणजे कढई उचलायची, हलवायची, पुन्हा ठेवायची. भांडं उचललं की ही शेगडी टी टी करून ओरडते. एकदा पोह्यांना फोडणी देताना ती इतकी ओरडली की कुसुमताई तिच्यावरच खेकसल्या, "अगं, सासूबाई पण एवढ्या ओरडल्या नाहीत मला!"

तेजल म्हणाली, "काकू, तुम्हाला ती आवडतच नाही ना?"

कुसुमताईंनी शेगडीची काच फडक्याने पुसली. मग म्हणाल्या, "ती वाईट नाहीये गं. गरीब आहे बिचारी. पण मी तिला आणली नाही, आणि माझी होती ती मी काढली नाही. माझ्या ओट्यावर काय पेटवायचं, हे मला विचारायला नको?"

 

* * *

मध्यंतरी भाभी लग्नाला म्हणून सोलापूरला गेल्या, घराला कुलूप लावून. तेव्हा मीही नेमकी लेकीकडे होते. आणि कुसुमताईंना वांग्याचं भरीत खायची इच्छा झाली! काचेवर वांगं भाजत नाही. तेजलने मायक्रोवेव्हचा उपाय सुचवला, तर तिच्याकडे त्यांनी असं बघितलं की ती मीटिंगला निघून गेली.

आमच्या जिन्याखाली रामदास इस्त्रीवाले बसतात. त्यांची इस्त्री अजून कोळशाची. कुसुमताई दोन वांगी तेल लावून, टोचे मारून थेट त्यांच्यापुढे घेऊन गेल्या.

रामदासांनी वांग्यांकडे बघितलं, मग कुसुमताईंकडे. "कडक करू का साधी?"

"कडक. सालं सुटली पाहिजेत."

"उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"रामदास!"

"बरं, बसा."

इस्त्रीतल्या निखाऱ्यांवर वांगी अशी भाजली गेली, म्हणता सोय नाही. फक्त एक झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुखांचे शर्ट शेजारीच घडी करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देशमुख तावातावाने खाली आले. "आज दिवसभर मी बँकेत भरितासारखा वास मारत होतो! लोक विचारत होते, डबा कुठून येतो म्हणून!"

कुसुमताई म्हणाल्या, "मग सांगायचंत की, बिल्डिंगमधूनच." आणि वाटीभर भरीत त्यांच्या हातात ठेवलं.

देशमुख वाटी परत द्यायला आले ते पुढचे शर्ट कधी टाकू, असं विचारत!

* * *

आता शेवटचा.

रोज समोर जाऊन स्वयंपाक करायचा, म्हणजे काचेची शेगडी दिवसभरात फक्त चहापुरती चालू. निखिलच्या मोबाईलवर ते सगळं दिसतच होतं. त्याने त्याच्या परीने अर्थ काढला: आई जेवत नाही! काही न कळवता तो एका सकाळी येऊन उभा राहिला. सोबत एक भली मोठी रिकामी बॅग.

"आई, तू काही करून खात नाहीस. माझ्याकडे पुरावा आहे. आता ऐकणार नाही मी, कपडे भर. परवा निघायचं."

कुसुमताईंनी त्याला सगळं सांगून बघितलं. समोरचा गॅस, लाल दोरा, भाकरी, सगळं. तो म्हणाला, "म्हणजे तू रोज दुसऱ्यांच्या घरी जाऊन जेवतेस? आई, हे तर आणखीनच वाईट झालं."

आम्ही तिघींनी बोलून बघितलं. तो नम्रपणे ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "तुम्ही आहात म्हणूनच इतके दिवस निभावलं, मावशी." कुसुमताईंनी अर्धी बॅग भरली. माहेरचं तांब्याचं तपेलं वर ठेवलं, मग काढून पुन्हा फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता निखिलची मीटिंग होती. "घरात आवाज नको," म्हणाला, म्हणून चहा भाभींकडे. कुसुमताईंच्या हातात कप होता, पण लक्ष कशात नव्हतं. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "शेगडी चालू झाली."

"निखिल कॉफी करत असेल," मी म्हटलं.

चहा अर्धा झाला. मोबाईल पुन्हा वाजला. "शेगडी बराच वेळ चालू आहे."

कुसुमताईंनी मोबाईल मांडीवर ठेवला आणि बिस्किट बुडवलं. चेहऱ्यावर जरा रंग आल्यासारखा वाटला मला.

मोबाईल तिसऱ्यांदा वाजला. भाभींनी नाक वर केलं. "दूध लागलंय कुठेतरी. कुसुमताई, तुमच्याकडूनच येतोय वास! चला, उठा!"

"घाई कशाला?" कुसुमताई म्हणाल्या. "आग लागत नाही हिला. निखिलनेच सांगितलंय." आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. मग उठल्या.

दार उघडून आत गेलो. दूध ओट्यावर, ओट्यावरून खाली, तिथून थेट फ्रिजपर्यंत. पातेल्याचा तळ काळा. शेगडी टी टी टी टी करून कोकलत होती. आणि निखिल बाल्कनीत, आमच्याकडे पाठ करून, कानाला मोठे हेडफोन लावून हातवारे करत इंग्रजीत बोलत होता.

कुसुमताईंनी शेगडीचं बटण बंद केलं. पातेलं सिंकमध्ये ठेवून वर पाणी सोडलं. मग बाल्कनीत जाऊन मुलाच्या कानावरचे हेडफोन हळूच काढले आणि त्याला दंडाला धरून ओट्यासमोर आणून उभं केलं.

निखिलने ओटा बघितला, फरशी बघितली, आम्हाला तिघींना बघितलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, कानापर्यंत लाल झाला.

कुसुमताईंनी त्याचा हात हातात घेतला. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "यात रागवायचं काही नाही, बाळा. वय होतं माणसाचं."

मग मागे वळल्या. "तेजल, त्याच्या मोबाईलवरचं ते काढून टाक बरं. माझ्या मोबाईलवरचं राहू दे. हा इथे आहे तोपर्यंत लागेल."